आधी पाणी, मग दगड

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे उत्तमराव, घरून निघताना पाण्याचा कॅन गाडीत ठेवायला सांगतात तेव्हा समजायचं, की गाडी सुलतानपूरवरून जाणार आहे. शेगावला जाताना ते कॅन घेत नाहीत, लग्नाकार्याला जाताना घेत नाहीत. सुलतानपूरला त्यांची लेक दिली आहे आणि लेकीच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही. घरचंच काय, गावच्या शिवेतलंही चालत नाही. त्यांच्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं, म्हणून हे पाळणार. लेकीला मूल झालं, की हे बंधन सुटतं. माझ्या बाबांचं माझी छकुली झाल्यावर सुटलं. बारशाला धामणगाव बढेला आले आणि आमच्या घरी लागोपाठ तीन कप चहा पिऊन मोकळे झाले.

माझी नणंद प्राची हिच्या लग्नाला सहा वर्षं झाली. तिला मूल नाही. तो विषय त्या नवराबायकोचा आहे आणि मी तो इथं उगाळणार नाही. पण मामाजी वर्षातून दोनदा सुलतानपूरला जातात, ओट्यावर बसतात, कॅनमधलं आपल्या विहिरीचं पाणी पितात आणि परत येतात. उंबरा ओलांडत नाहीत, का तर आत गेलं की कोणीतरी पाणी पुढं करायचं. सासूबाईंचं वेगळं आहे. त्या 'लेकीशी दोन शब्द बोलून येतो' म्हणून आत जातात आणि चुलीपाशी बसून बिनसाखरेचा चहा घेतात. हे मला ठाऊक आहे, प्राचीला ठाऊक आहे, तिच्या सासूला ठाऊक आहे. ओट्यावर बसलेल्यांना तेवढं ठाऊक नाही.

फेब्रुवारीत प्राचीचा फोन आला. लोणारला एक छोटं संग्रहालय नवीन झालं होतं आणि तिथं ती गाईड म्हणून लागली होती. आवाज नुसता उड्या मारत होता.

"वहिनी, बाबाले घेऊन या ना एकडाव. मी कशी बोलते ते पाहू द्या त्याहिले." मग ती जरा थांबली. "अन् माह्या हातचं घोटभर पाणी पेले असते तर..."

मी म्हटलं, "आणते. पण पाण्याचं माझ्या हातात नाही बाई."

नुसतं 'प्राचीचं काम पाहायला चला' म्हटलं असतं तर मामाजी जागचे हलले नसते. लेकीच्या कामावर जाऊन बापानं काय करायचं, असं म्हणाले असते. म्हणून माझ्या नवऱ्यानं, राजकुमारनं, दुसरीकडून सुरुवात केली.

"बाबा, बाहेरचे लोक गाड्या करकरून आपला जिल्हा पाहाले येतात. आपून इथले असून सिंदखेडराजाचा वाडा पाह्यला नाही."

"मी पाह्यला. शाळेच्या सहलीत."

"मंग आता धड पाहू. अन् तसंच पुढं लोणार."

लोणारच्या वाटेत सुलतानपूर लागतं हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. मामाजी पायाच्या अंगठ्याकडं पाहत म्हणाले, "कॅन धुऊन ठेवा."

मार्चातल्या एका रविवारी आमची बोलेरो निघाली. मामाजी पुढं, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. बुलढाण्याचा घाट, चिखली, सगळं त्यांनी आम्हाला आपल्या शेताचे धुरे-बांध दाखवावेत तसं दाखवत नेलं. जिल्ह्याचा अभिमान त्यांना फार. कोणाच्या तोंडून 'मागासलेला भाग' असा शब्द निघाला तर त्या माणसाची खैर नाही.

सिंदखेडराजाला राजवाड्याच्या उंच दरवाजासमोर गाडी थांबली. सासूबाई, म्हणजे रुखमाबाई, खाली उतरल्या आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर कॅनची तोटी सोडून पाय धुतले. जिजाऊंच्या जन्माच्या जागी धुळीच्या पायांनी जायचं नाही, हा त्यांचा हट्ट. छकुलीचे धुतले, मला धुवायला लावले. त्यांचं पाहून दुसऱ्या एका गाडीतून उतरलेल्या बायका पुढं आल्या. "मावशी, आमच्या बी पायावर घाला वं थोडं." सासूबाईंना तेवढंच हवं होतं. मामाजी दरवाजाची उंची पाहण्यात गुंग होते. ते वळले तोवर कॅन निम्म्याच्या खाली गेला होता.

"रुखमा! पेयाचं पाणी हाय ते!"

"मंग? जिजाऊच्या दारात सांडलं. नालीत त नाही सांडलं."

मामाजींनी कॅनची तोटी घट्ट बंद केली. ते आत शिरले.

आत मात्र त्यांना पाहत राहावं असं रूप चढलं. जन्मस्थानापाशी हात जोडून उभे राहिले, डोळे पुसले आणि मग आम्हालाच काय, शेजारच्या अनोळखी माणसांनाही सांगू लागले. "इथं जन्मली. आपल्या मातीतली लेक! या गावाचं नाव कोन्या राजानं मोठं नाही केलं, लेकीनं केलं." पुढं लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी गेलो. एवढी भक्कम दगडी इमारत, की मान वर करून पाहावी. तिथंही तेच. "लेक असावी त अशी. बापाचं नाव काढलं." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की मामाजी, लेकीचा एवढा अभिमान, मग लेकीच्या पाण्यानं तुमचं काय घोडं मारलंय? पण भरल्या ठिकाणी सासऱ्याला टोकणं बरं दिसत नाही, म्हणून गिळलं.

मोती तलावाच्या काठी बसून शिदोरी सोडली. भाकरी, ठेचा, बेसन. ठेचा मी केला होता आणि जरा सढळ हातानं केला होता. उरलेला कॅन त्या ठेच्यानं संपवला. हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. सुलतानपूरच्या अलीकडं मामाजींनी ग्लास तोटीखाली धरला तेव्हा चार थेंब पडले.

प्राची लोणारला कामावर होती, म्हणून सुलतानपूरला परत येताना थांबायचं ठरलं होतं. राजकुमार म्हणाला, "बाबा, लोणारले बाटली घेऊ विकत."

"लोणारात घेतलेलं नाही चालत."

"मामाजी," मी म्हटलं, "बाटलीतलं पाणी कुठल्या कुठून भरून आलेलं असतं. अन् प्राचीचं सासर सुलतानपूरला हाय, लोणारले नाही."

"तालुका त तोच हाय ना?"

बंदी घरावरून गावावर आली होतीच, ती आता तालुक्यावर गेली. मी कपाळाला हात लावला. छकुलीनं मागून विचारलं, "आजोबा, तुमी आत्याच्या घरचं पाणी काऊन नाही पेत? कडू हाय का?" मामाजी खिडकीबाहेर पाहत राहिले.

लोणारचं ते प्रचंड विवर, खाली झाडीच्या कड्यात बसलेलं तळं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. फोटोत काही कळत नाही. काठावर उभं राहिलं, की आपलाच आवाज आपोआप खाली येतो. मामाजी मात्र तिथं फार रेंगाळले नाहीत. "संग्रहालय बंद झालं त?" असं दोनदा म्हणाले. आदल्या रात्रीपर्यंत 'जमलं तर जाऊ' म्हणणारा हाच माणूस.

संग्रहालयाच्या दारात प्राची उभी होती. निळी साडी, छातीवर नावाचा बिल्ला, केस घट्ट बांधलेले. आम्हाला पाहून तिचं तोंड उजळलं, पण ती धावत आली नाही. समोर लोक जमले होते. नागपूरच्या कॉलेजची पोरं आणि त्यांचे सर, पुण्याचं एक जोडपं, साखरखेर्ड्याकडचे एक म्हातारबा आणि त्यांची बायको. दाराशी लाल माठ होता, वर ओलं फडकं.

"आधी पाणी, मग दगड," प्राची हसून म्हणाली. "तहानलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही, हा माझा अनुभव आहे."

ती रोज तो माठ स्वतः भरते, असं तिथल्या चौकीदारानं सांगितलं. ओगराळं घेऊन ती एकेकाच्या पेल्यात पाणी घालत निघाली. पोरं, सर, पुण्याचे पाहुणे. मग छकुली, राजकुमार, सासूबाई. सासूबाईंनी मामाजींकडं पाठ करून घटाघट पिऊन टाकलं. मग मी. माझ्या शेजारी मामाजी. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. 'नको' म्हणायला त्यांचा हात निम्मा वर आला होता.

प्राचीनं विचारलंच नाही. ती त्यांच्यापुढून सरळ साखरखेर्ड्याच्या आजीकडं गेली. रागानं नाही, रुसून नाही. चारचौघांत बापाला नाही म्हणावं लागू नये, एवढंच तिनं पाहिलं. मामाजींचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी त्याच हातानं कान खाजवला. मीही माझा भरला पेला तसाच माठाशेजारी ठेवून दिला.

मग ती बोलायला लागली आणि आम्ही सगळं विसरलो.

आकाशातून एक दगड आला आणि इथल्या काळ्या खडकावर असा आदळला, की खडक वितळला. ते वितळून काचेसारखे झालेले बारके मणी तिनं भिंगाखाली दाखवले. तळ्यातलं पाणी बरणीत होतं. ते खारं, पिण्याच्या कामाचं नाही, आणि त्याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याची धार, हे सांगताना ती पोरांना म्हणाली, "येताना धारेवर गेलात ना? चव बघितलीत ना? मग आता खाली जाऊन तळ्याची बघू नका, पोट बिघडेल." सगळे हसले. सरांनी इंग्रजीत काहीतरी अवघड विचारलं. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं, न अडखळता. साखरखेर्ड्याच्या आजीनं विचारलं, "पोरी, पुन्हा पडन का वं असा गोटा?" तर तिला वऱ्हाडीत समजावलं. पुण्याच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" आमची प्राची ताठ मानेनं म्हणाली, "धामणगाव बढे, मोताळा तालुका. तिथंच शिकले."

मामाजी सुरुवातीला सगळ्यांच्या मागं होते. मग मधे आले. मग प्राचीच्या अगदी खांद्यापाशी. कॉलेजची दोन पोरं आपसांत हसत होती, तर त्यांना दरडावलं, "मस्करी नका करू बे, नीट आयका!" प्राची पुढच्या कपाटाकडं निघाली, की हे हातानं वाट मोकळी करून देत. भेटेल त्याला सांगत होते, "लेक हाय माही." चौकीदाराला सांगितलं. पुण्याच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी 'वा, छान' म्हटलं, तर पुन्हा एकदा सांगितलं. छाती अशी फुगली होती, की शर्टाची गुंडी तुटते की काय असं मला वाटलं. आणि खरं सांगते, माझीही फुगली होती. माझी नणंद होती ती.

साखरखेर्ड्याच्या आजीलाही त्यांनी सांगितलं. आजी कौतुकानं म्हणाली, "मोठी हुशार हाय हो तुमची पोर. लेकरंबाळं काय तिले?"

आजीच्या मनात काही वाईट नव्हतं. असंच विचारतात आपल्याकडं. मामाजींचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. प्राची दोन पावलांवर होती. तिनं ऐकलं. वळून आजीकडं पाहिलं आणि सरळ म्हणाली, "नाही मावशी. या, हे पाहा, हा दगड हातात घेता येते." आवाज जराही हलला नाही. मघाशी खडकाबद्दल बोलत होती तोच आवाज. लोक तिच्यामागं पुढं गेले. मामाजी जिथं होते तिथंच उभे राहिले.

ते बाहेर येऊन लिंबाखाली बसले. राजकुमार त्यांच्यामागं गेला, त्याच्यामागं मी.

"राजकुमार, लोक तिले रोज असंच विचारत असतील का बे?"

"विचारतात, बाबा."

"घरी, बाहेर, लग्नात."

"हाव."

"मी नाही कवा विचारलं."

"नाही बाबा, तुमी कवाच नाही विचारलं."

मामाजींनी जमिनीवरची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "विचारलं. वर्षातून दोनदा विचारून राह्यलो मी. कॅन घेऊन जातो, तिच्या दारात बसतो, अन् तेच विचारतो."

मी सहसा रडणाऱ्यांतली नाही, पण पदर तोंडाला लावावा लागला.

संग्रहालय बंद झाल्यावर प्राचीला गाडीत घेऊन आम्ही सुलतानपूरला निघालो. घराशी उतरल्यावर ती नेहमीसारखी म्हणाली, "बाबा, बसा तुमी ओट्यावर. मी सासूबाईले आवाज देते." तोवर मामाजींनी चपला काढल्या होत्या. ते ओट्यावरून चालत गेले, उंबरा ओलांडला आणि बैठकीतल्या बाजेवर जाऊन बसले. प्राचीच्या सासूबाई कौशल्याबाई गडबडीनं बाहेर आल्या आणि व्याह्यांना घरात पाहून दारातच थबकल्या.

"प्राची," मामाजी म्हणाले, "पाणी आण."

आता पुढं जे झालं ते आमच्यापैकी कोणालाच आधी सुचलं नव्हतं. कौशल्याबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अगं माय!" म्हणाल्या. मग प्राचीकडं धावल्या, तिच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. "काऊन वं, मले नाही सांगतलं? बापाले आधी सांगतलं?" डोळ्यांत पाणी, तोंडात हसू. तशाच आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आल्या, लेकराला भरवावा तसा तो प्राचीच्या ओठांशी धरला.

बापानं लेकीच्या घरी पाणी मागितलं याचा आमच्यात दुसरा अर्थच नसतो. प्राची भिंतीला टेकली. माझ्या सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. एवढ्या वर्षांत मामाजींनी पहिल्यांदा पाणी मागितलं, आणि तेच पोरीच्या जिव्हारी लागायची वेळ आली.

मामाजी उठून उभे राहिले.

"कौशल्याबाई, तसं काही नाही. मी उगाच आशा लावली तुमाले, माफ करा."

गूळ धरलेला हात तसाच राहिला.

"गूळ मातर तिले द्या," मामाजी म्हणाले. "आज मी तिचं काम पाह्यलं. साऱ्या जगाले पाणी पाजून राह्यली माही लेक, अन् बाप तिच्या दारात तहानलेला. काऊन, त नातू पाह्यजे! नातू झाला त आनंद हाय, नाही झाला त बी माह्या लेकीत काही कमी नाही. मी लेकीच्या घरचं पाणी मांगतलं, नातवाच्या घरचं नाही. तहान लागली मले. आण वं पोरी."

कौशल्याबाई क्षणभर त्यांच्याकडं पाहत राहिल्या. मग गुळाचा खडा त्यांनी प्राचीच्या तोंडात घातलाच. "मी त गल्लीत रोज सांगतो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आमची सून सायेबलोकाईले इंग्रजीत सांगते म्हणून. जाय वं, आण पाणी. बाप तहानला."

प्राचीनं लोटा आणला. घाईत निम्मं पाणी वाटेत सांडलं. मामाजींनी मान मागं टाकून, वरून धार धरून, सगळा लोटा एका दमात रिकामा केला. इस्त्रीचा शर्ट भिजला. लोटा पुढं करून म्हणाले, "अजून." दुसरा दिला. तो संपल्यावर त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेव्हा कुठं ती रडली.

मग चहा आला. कौशल्याबाई आनंदाच्या भरात होत्या. एक कप वेगळा काढून त्या म्हणाल्या, "अन् हा रुखमाबाई, तुमचा बिनसाखरेचा, नेहमीसारखा."

मामाजींनी बशीतून मान वर केली. "नेहमीसारखा?"

सासूबाईंनी कप उचलला, फुंकर मारली आणि शांतपणे म्हणाल्या, "थंडा होऊन राह्यला तुमचा. प्या."

निघताना मामाजींनी गाडीतून रिकामा कॅन काढला आणि प्राचीच्या हातात दिला. "भरून दे," म्हणाले. काठोकाठ भरून घेतला, झाकण स्वतः घट्ट लावलं आणि पुढं आपल्या पायांपाशी ठेवला.

मेहकरला बालाजीच्या देवळासमोर उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. सासूबाईंनी सवयीनं कॅनची तोटी सोडायला हात पुढं केला.

"ओ रुखमा, हात काढ तिथून. पाय धुवाले नळ तिकडं हाय."

"काऊन? सकाळी त चाललं."

"सकाळी आपल्या घरचं होतं," मामाजी म्हणाले. "हे लेकीच्या घरचं हाय."